अर्ध्या किड्यांची ढोली

लई मागं, माणूस यायच्या आधी, एका माळावर सुतारपक्षी किडे घेऊन दुसऱ्यांना झाडात ढोल्या कोरून द्यायचा. एका साली पाऊसच झाला नाय, किडे आटले. अंड्यावर आलेली साळुंकी म्हणाली, "सुतारदादा, अर्ध्या किड्यांत कोर की नवी ढोली! दिवस बघ कसलं आल्यात."

सुतार भडकला. "दिवस काय तुलाच आल्यात व्हय? माझी पोरं काय भुसा खातील?"

"मग अंडी उघड्यावर घालू?" साळुंकी रडायलाच लागली.

सुतार निवला. "रडू नगं. पोपटानं सोडलेली ढोली हाय, ती साफ करून देतो. काम अर्धं, किडंबी अर्धं."

ते ऐकून पिंगळा वरडला, "ए सुतारा, माझीबी जुनीच नीट कर!"

त्या साली सुतारानं नवी ढोली एकबी कोरली नाय, सगळ्यांच्या जुन्याच नीट करत फिरला. पर त्याची पोरं रडली ती भुकेनं नव्हं, मोठा किडा कुणाचा यावरनं.