साळुंकीचा ओरडण्याचा अर्ज

विषय : वडावर ओरडण्याची परवानगी मिळणेबाबत.

फार पूर्वी या वडावर कुणीही केव्हाही ओरडे. त्या गोंगाटात साप आल्याची हाक विरली आणि साळुंकीची अंडी गेली. तेव्हा पक्ष्यांनी नियम केला, की घुबडाच्या परवानगीशिवाय चोच उघडायची नाही. घुबड दिवसभर झोपे.

पुढच्या वर्षी भरदुपारी साप पुन्हा तिच्या ढोलीकडे चढू लागला.

"कावळेभाऊ, साहेबांना विचारा, ओरडू का?" साळुंकी कुजबुजली.

अर्ज ठेवून घेत कावळा म्हणाला, "साहेब झोपलेत. उद्या या."

"उद्या पिल्लं राहतील का रे मेल्या!" साळुंकी किंचाळली. वड चिडीचूप असल्याने ते शेंड्यापर्यंत ऐकू गेले. सगळे तुटून पडले आणि साप पळाला.

पिल्ले सुखरूप आहेत. अर्ज घुबडाकडे प्रलंबित आहे.