फुलवंताबाईचा प्रश्न

गोष्ट फार जुनी आहे. वैनगंगेच्या या बाजूचं जंगल तेव्हा गावाच्या अंगणापर्यंत यायचं आणि आमच्या करंजटोल्याच्या देवळावर कौलं नव्हती, गवताचं छप्पर होतं. पण मंडळी पक्की लुथरन ख्रिस्ती. पाठांतरात तर अशी तयार की झोपेतून उठवून विचारलं तरी धर्माची प्रश्नोत्तरं घडाघडा म्हणून दाखवतील. आजही या बाबतीत आमच्याशी कोणी पैज लावू नये.

त्या गावात फुलवंताबाई नावाची सुईण होती. असं म्हणतात, तिच्या हाती आलेलं एकही लेकरू कधी दगावलं नाही. गावात जो कोणी चालता-बोलता होता, त्याला या जगात पहिला हात लागला तो फुलवंताबाईचा.

पण या बाईला प्रभुभोजन मिळत नव्हतं. नियमच तसा होता. पाळकांपुढे आणि मंडळीच्या पंचांपुढे सगळी प्रश्नोत्तरं तोंडपाठ म्हणायची, मग दृढीकरण, म्हणजे बाप्तिस्म्यावर मंडळीची मोहर, आणि मग प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला. फुलवंताबाईचा बाप्तिस्मा झालेला होता, दृढीकरण मात्र राहिलं होतं. दर वर्षी ईस्टरच्या आधीच्या, झावळ्यांच्या रविवारच्या आदल्या दिवशी परीक्षा असे, आणि दर वर्षी पंचांच्या टेबलासमोर उभी राहिली की तिची जीभ टाळूला चिकटे. घरी सगळं यायचं, तिथे काही म्हणता काही नाही. अशी ती बावीस वर्षं नापास झाली. तिने ज्यांची नाळ कापली ती पोरं पास होऊन तिच्या पुढे गेली.

रविवारी आया वेदीकडे जात, तेव्हा त्यांची तान्ही लेकरं ती दारापाशी सांभाळी. दोन काखेत, एक पाठीशी बांधलेलं. तिथून तिला सगळ्यांच्या पाठी दिसत. मरायच्या आधी एकदा आपणही तिथे गुडघे टेकावेत, एवढंच तिला हवं होतं.

मुख्य पंच होते येसाया मास्तर. माणूस सज्जन, पण नियम म्हणजे नियम. एक शब्द इकडचा तिकडे झाला की ते मान हलवत आणि म्हणत, "पुढच्या साली येजा, बाई."

तेविसाव्या वर्षी म्हातारी जिद्दीला पेटली. एकेका उत्तराला एकेक चिंचोका धरला आणि तो ढीग चाळत वर्षभर पाठ केलं. परीक्षेच्या दिवशी तिचं नाव शेवटी होतं. ते पुकारणार, एवढ्यात पळसटोल्याहून एक गडी धापा टाकत आला. येसाया मास्तरांची लेक तिथे दिलेली होती. ती पहाटेपासून अडली होती.

मास्तर खुर्चीला खिळून बसले. जिला बावीस वेळा परत पाठवलं, तिला आता कोणत्या तोंडाने सांगायचं? फुलवंताबाईनेच चिंचोके कनवटीला लावले.

"माह्या नावापुढं गैरहजर लिवून टाका जी, मास्तर," ती म्हणाली आणि निघाली.

वाट दोन कोसांची आणि दिवस मोहफुलांचे. जंगलात एका मोहाखाली अस्वल वाट अडवून बसलं होतं. गडी झाडावर चढला. फुलवंताबाईला थांबायला सवड नव्हती. असं म्हणतात, तिने चिंचोके हातात घेतले आणि चालता चालताच पहिलं उत्तर म्हणायला सुरुवात केली. अस्वल उठलं आणि तिच्या पुढे चालू लागलं. जंगल संपेपर्यंत ते ऐकत चाललं आणि शेवटचं उत्तर झालं तेव्हा मान खाली घालून बाजूला झालं. एक शब्द चुकला नाही. तिची अख्खी परीक्षा ऐकली ती त्या एका अस्वलाने.

मास्तरांच्या लेकीला मुलगी झाली. पण पोर निळं पडलेलं, रडेना, श्वास घेईना. फुलवंताबाईने चोळलं, फुंकर घातली, सगळं करून पाहिलं. मग पाळक जवळ नसताना, नडीच्या वेळी, बाप्तिस्मा झालेल्या कोणाही माणसाने करावं ते तिने केलं. तांब्यातलं पाणी तीनदा त्या डोक्यावर घातलं आणि बापाचं, पुत्राचं, पवित्र आत्म्याचं नाव घेतलं. पोरीने टाहो फोडला. असं म्हणतात, त्याच घटकेला इकडे आमच्या देवळातली घंटा वाजली, आणि दोरीला तर कोणी हात लावला नव्हता.

दुसऱ्या दिवशी, रविवारी, ती परतली, मास्तरांना सगळी हकिकत सांगितली आणि नेहमीसारखी लेकरं घेऊन दारापाशी बसली. प्रभुभोजनाच्या आधी येसाया मास्तर उठले. नात जगली होती, पण ती खरोखर देवाची झाली की नाही, हा घोर त्यांना लागला होता.

"पाळकसाहेब," ते म्हणाले, "दृढीकरण नाही झालं त्या बाईनं देल्ला बाप्तिस्मा चालते का जी? का पुन्हा द्या लागते?"

पाळक होते हनोख मेश्राम, मोजकं बोलणारे. त्यांनी विचारलं, "पाणी होतं?"

"होतं."

"नाव घेतलं?"

"घेतलं जी."

"मग झाला. आता मला सांगा मास्तर, त्या लेकराने कोणत्या प्रश्नाचं उत्तर दिलं?"

पाळक मंडळीकडे वळून म्हणाले, "हे मीसुद्धा बावीस वर्षांपूर्वी विचारायला हवं होतं."

 येसाया मास्तर बाकांमधून चालत दारापाशी गेले आणि फुलवंताबाईच्या काखेतली दोन्ही लेकरं त्यांनी आपल्याकडे घेतली. त्यातल्या एकाने लगेच त्यांचा कोट ओला केला.

"जा बाई. लेकरं मी धरतो."

"माह्यं उत्तर द्याचं राह्यलं ना जी."

"माह्यंबी राह्यलं," मास्तर म्हणाले.

पाठीवरचं लेकरू तसंच घेऊन फुलवंताबाई वेदीपाशी गेली. जन्मणारं मूल झेलायला पुढे करायची, तसे तिने दोन्ही हात पुढे केले. पाळकांनी त्यात भाकर ठेवली. सगळी मंडळी रडली, ते सांगायला आम्हाला लाज वाटत नाही.

आता देवळावर स्लॅब आला आहे. पण प्रभुभोजनाच्या वेळी तान्ही लेकरं दारापाशी पंचांनीच धरायची, हा आमचा रिवाज आहे. पंच मग सरपंच असो की कॉलेजातला प्रोफेसर, त्याचा कोट ओला होतोच. आणि दृढीकरणाच्या परीक्षेत सगळ्यांत आधी विचारतात तो फुलवंताबाईचा प्रश्न: त्या लेकराने काय उत्तर दिलं? बाहेरगावचे पाहुणे पुस्तकाची पानं उलटत बसतात. आमची पोरं एक अक्षर बोलत नाहीत. फुलवंताबाईने केले तसे नुसते दोन्ही हात पुढे करतात, रिकामे. पाळक म्हणतात, "बरोबर."

मग बाकीची परीक्षा सुरू होते.