म्हशींनी कापलेला गहू

एकदा एक वृद्ध शेतकरी होता आणि त्याच्याकडे एक तरुण शेतीचे धडे घ्यायला राहिला होता. वृद्धाला सारे आप्पा म्हणत. आप्पांच्या रानात शाळू ज्वारी होती, हरभरा होता, बांधाला करडई होती. गोठ्यात म्हशी, बैल आणि दारात शेळ्या. या सर्वांचे आपसात इतके सख्य, की शेळी भुकेने ओरडली तर बैल आपल्या पुढ्यातली पेंढी तिच्याकडे सरकवतो, असे शेजारी शपथेवर सांगत. शेजाऱ्यांच्या शपथा सोडून द्या. पण विहिरीजवळच्या तुकड्यातल्या गव्हाविषयी मात्र पंचक्रोशीत दुमत नव्हते. त्या गव्हात शिरलेली चिमणी चालत बाहेर येई, कारण पोट भरल्यावर उडण्याइतकी हलकी ती उरतच नसे. लांबलांबची माणसे तो गहू पाहायला येत आणि जाताना एखादी ओंबी टोपीत खोवून नेत.

फाल्गुन लागला तसे आप्पा शिष्याला म्हणाले, "यंदाची सुगी तुझ्या हातात. खळं भरलंस, तर तुझ्या गावी जा आणि वडिलांचं पडीक रान उठव. नाही भरलं, तर आणखी एक वर्ष माझ्या म्हशी धू. त्यांना तू आवडतोसच."

शिष्याच्या डोळ्यांपुढे वडिलांचे ते रान उभे राहिले. कमरेएवढे गवत माजले होते तिथे.

आता, असल्या चौरस शेतीची सुगी म्हणजे एकट्याने चार पंगती वाढण्यासारखे. हरभरा वाळून खुळखुळू लागला होता. त्याला पहाटेच्या दवातच उपटावे लागते. ऊन चढले की नुसता हात लागताच दाण्यांनी भरलेले घाटे गळून पडतात. शाळू काढणीला आला होता. गुरांना वेळेवर वैरण हवीच होती. गहू तेवढा मागे राहिलेला, त्याचा दाणा अजून दुधात, कोवळा होता. आणि नेमके तेव्हाच मावळतीकडे काळेभोर आभाळ उभे राहिले.

शिष्याची नजर गव्हाकडे गेली. वारा सुटला, गारा पडल्या आणि आप्पांचा तो नावाजलेला गहू आडवा झाला, तर? उजाडायच्या आत त्याने साऱ्या मजुरांना विहिरीजवळ नेले. गव्हाभोवती मेखा ठोकून सुतळ्या ताणायच्या, असा त्याचा बेत होता.

मजुरांच्या टोळीची म्होरकी ठकूबाई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "दादा, गहू हाय का लग्नाचा मांडव? वाजंत्र्याला सांगावा धाडू का?"

"ठकूबाई, आप्पांचा गहू आहे तो. तो पडला तर मी त्यांना तोंड कसं दाखवू?"

"आन् हरभरा पडला तर आमाला कसं दाखवशील? आमच्या वाट्याची डाळ त्यातच हाय. दव हाय तंवर घाल आमाला तिकडं. घाटे काय तुझ्या भिडंनं थांबायचे न्हाईत."

पण त्याने ऐकले नाही. मेखा ठोकून होईपर्यंत ऊन चढले. मग टोळी हरभऱ्यात गेली, तर मुठीत काटक्या आणि मातीत घाटे. तिथून शाळूत, शाळूतून गुरांच्या वैरणीला, आणि मधूनमधून सैल सुतळी ताणायला पुन्हा गव्हाकडे. संध्याकाळी शिष्याचे पाय सुजले होते, खळे मात्र झाडून ठेवल्यासारखे स्वच्छ होते. आप्पांनी ते पाहिले आणि ते गोठ्याकडे वळले.

दुसऱ्या दिवशी तांबडे फुटताना शिष्य मजुरांना पुन्हा गव्हाकडे घेऊन निघाला, तोच घंटांचा आवाज आला. आप्पांच्या म्हशी पाणवठ्याला निघाल्यासारख्या संथपणे गव्हात शिरत होत्या. आणि स्वतः आप्पा मेखा उपटून सुतळी हातावर नीट गुंडाळत उभे होते.

"आप्पा! म्हशी! गव्हात!"

"हो रे. त्यांना कळलंय."

"अहो, कुठून कुठून माणसं येतात हा गहू बघायला!"

"आता म्हशी बघतील." आप्पांनी सुतळीचा गुंडा ठकूबाईच्या हातात दिला. "घे बाई, कडब्याच्या पेंढ्या बांधायला होईल." मग शिष्याकडे वळून म्हणाले, "आता तुला इथं काही काम उरलं नाही. जा. दव अजून आहे."

शिष्याच्या डोळ्यांत पाणी आले. पण दव खरोखरच होते. तो हरभऱ्यात जाऊन वाकला. त्या पहाटे ठकूबाईची टोळी अशी सुटली, की माणसे खळ्यावर पोहोचली तरी त्यांच्या सावल्या मागून धापा टाकत येत होत्या. ऊन तापण्यापूर्वी हरभऱ्याचे ढीग लागले. दिवसा शाळू, पहाटे हरभरा, असे करता करता खळ्यावर पाय ठेवायला जागा उरली नाही.

आणि ते आभाळ? एके दुपारी गडगडले, चार थेंब टाकले आणि पुढच्या मुलखात निघून गेले.

त्या संध्याकाळी शिष्य गोठ्यात आला. आप्पा धार काढत होते.

"आप्पा, गारा पडल्याच नाहीत. गहू वाचला असता."

"वाचला असता."

"म्हणजे तुमचा अंदाज चुकला?"

"आभाळाकडे बघतच कोण होतं?" आप्पा हसले. "मी तुझ्याकडे बघत होतो. तू हरभऱ्यात वाकायचास आणि मान गव्हाकडे. शाळूत उभा राहायचास, मान गव्हाकडे. तो गहू उभा होता, तोवर तुझे हात त्याच्या दावणीला बांधलेले होते. गहू माझा होता, त्यामुळे ते दावं मलाच सोडायला हवं होतं. तुझ्या हातून सुटलं नसतं. आणि वाया काय गेलं? आपण शेताशेजारी गोठा ठेवतो तो कशासाठी? जे पीक हाताला आवरत नाही, ते दुसऱ्या दारानं घरात येतं."

"पण एवढं हिरवं खाऊन म्हशी फुगल्या असत्या तर?"

"म्हणून तर सोडण्याआधी पोटभर सुका कडबा घातला होता."

शिष्याला आता उमगले. म्हणजे ज्या गव्हासाठी तो जीव टाकत होता, त्या गव्हाचा निरोप आप्पांनी अंधारात, एकट्याने, शांतपणे घेतला होता. आप्पांनी फेसाळ दुधाचा तांब्या त्याच्यापुढे केला. "घे. गहू आहे."

तो प्याला. असे गोड दूध त्याने आजवर चाखले नव्हते.

विहिरीमागचा गव्हाचा एक कोपरा आप्पांनी बियाण्यापुरता राखला होता. तो पिकल्यावर शिष्य आपल्या गावी निघाला, तेव्हा आप्पांनी त्यातले दाणे त्याच्या उपरण्यात बांधून दिले. शिष्य पाया पडला आणि म्हणाला, "आप्पा, हा कुठं पेरू?"

आप्पांनी क्षणभर विचार केला.

"कुठंही पेर," ते म्हणाले, "गोठ्यापासून फार लांब नको."