तुरेराव आरवले नाहीत तेव्हा

कोंबड्या बोलायच्या, तेव्हाची गोष्ट. एका खुराड्यात रीतच होती, थोरले तुरेराव आरवल्याशिवाय कुणी डोळे उघडायचे नाहीत. एक दिवस ते आरवलेच नाहीत. दारातून ऊन आत आलं, अंगणातले दाणे चिमण्या टिपू लागल्या, तरी सगळे डोळे मिटून बसलेले.

"अगं, माझी पाठ शेकतेय. उजाडलंय!" कवडी कोंबडी म्हणाली.

"तुरेराव सांगतील तेव्हा उजाडेल," बाकीच्या करवादल्या.

कवडीने सरळ डोळे उघडले आणि आनंदाने पंख फडफडवले. "तुरेराव, सूर्य केवढा वर आलाय! आरवत का नाही?"

"पलीकडच्या वाडीतला कोंबडा आरवला नाही गं. मी रोज त्याचं ऐकून आरवतो. पण तू म्हणतेस, तर आरवतो."

"मी म्हणते म्हणून कशाला? डोळे उघडा की!"