सहा अंड्यांचे लोग

पूर्वी शूर्पारक बंदरात राजा विपुलसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका तेल्याच्या कुळात जन्माला आले. पुढे ते तेल्यांच्या श्रेणीचे, म्हणजे व्यवसायसंघाचे, प्रमुख झाले आणि सारे नगर त्यांना जेठा म्हणू लागले. त्यांच्या घाण्याचे तेल इतके निर्मळ असे, की भांड्यात ते आहे की नाही हे कळण्यासाठी गिऱ्हाइके बोट बुडवून बघत. हे थोडे वाढवून सांगितले असे कुणाला वाटले तर वाटो. त्यांचे माप मात्र जन्मात थेंबभर चुकले नाही, आणि यात काडीचीही भर घातलेली नाही.

राजाला लहान वस्तूंचे वावडे होते. त्याच्या कोठारात एक रांजण होता. त्याच्या एका काठावर बसलेल्या कावळ्याला पलीकडच्या काठावर आपला सख्खा भाऊ बसला आहे हे ओळखू येत नसे. राजाच्या पंगतीत जेवलेला भिकारी तिसऱ्या दिवशी उठे. राजा दानशूर होता, यात शंका नाही. पण आपण किती दिले एवढेच त्याला दिसे. समोरच्याला काय हवे होते, ते दिसत नसे.

एके वर्षी पश्चिमेकडून आलेले एक गलबत बंदराबाहेरच्या खडकावर फुटले. फळ्यांना धरून सात घरांची माणसे किनाऱ्याला लागली. ती इब्री नावाच्या दूरदेशीच्या लोकांपैकी होती. त्यांच्यामागून एक कोंबडीही आली, पिंजऱ्यात बसून, लाटांना शिव्या देत. त्या माणसांनी माडांखाली झोपड्या बांधल्या आणि दोन वर्षांत इथली बोली शिकून घेतली.

त्यांच्यात यमीमा नावाची एक स्त्री होती. तिच्या अंगावर चट्टे उठले, तेव्हा त्यांच्या रिवाजाप्रमाणे ती ओढ्यापलीकडे एकटी राहू लागली. तिची तान्ही लेक पहिले पाऊल टाकायला शिकली, ते तिने ओढ्याच्या दुसऱ्या काठावरून पाहिले. अकरा महिन्यांनी चट्टे गेले आणि अंग पूर्वीसारखे स्वच्छ झाले. पण तिला वस्तीत परत घ्यायचे तर विधी हवा होता. एक लोग तेल आणावे. त्यातले थोडे उजव्या कानाच्या पाळीला, उजव्या हाताच्या अंगठ्याला आणि उजव्या पायाच्या अंगठ्याला लावावे, उरलेले मस्तकावर घालावे. बाकीचा विधी त्यांच्या दूरच्या देवळाशिवाय होण्यासारखा नव्हता. म्हणून जेवढा हाती होता, तेवढा तरी अचूक व्हावा, असे वस्तीने ठरवले होते.

आणि तिथेच घोडे अडले. लोग हे त्यांचे एक लहानसे माप. त्या मापाची वाटी गलबताबरोबर बुडाली होती. वस्तीचा म्हातारा प्रमुख अमित्तय याला सारे शास्त्र तोंडपाठ होते, पण "आबा, लोग म्हणजे किती?" असे कुणी विचारले की तो दाढी धरून बसे.

ही बातमी राजाच्या कानी गेली. राजाने जेठाला बोलावले.

"परक्या लोकांना तेल हवं आहे. शंभर रांजण भर. दर रांजणामागे शंभर मोहरा घे."

शेजारी उभा असलेला तेली मंदक याने बोधिसत्त्वांना कोपराने ढोसले आणि तो कुजबुजला, "जेठा, होय म्हणा! घाण्याचा बैलसुद्धा सोन्याच्या घंटा घालून फिरेल."

"महाराज," बोधिसत्त्व म्हणाले, "त्यांना किती हवं आहे, ते आधी विचारून येऊ का?"

"मी देतोय ना? मग विचारायचं काय!"

राजाने कोठारातले वीस रांजण लगेच वाजतगाजत किनाऱ्यावर धाडले. अमित्तयने ते पाहिले, हात जोडले आणि परत पाठवले. निरोप दिला, "राजाचं कल्याण होवो. आम्हाला एक लोग हवं आहे. ते किती, हे आम्हालाच ठाऊक नाही. पण एवढं नव्हे, हे नक्की."

राजाच्या हातून गेलेले दान आजवर परत आले नव्हते. तो लालबुंद झाला. "उद्या सूर्य मावळायच्या आत शंभर रांजण घ्या, नाहीतर माझा किनारा सोडा!" असे सांगून, घेतात कसे नाही ते बघायला दुसऱ्या दिवशी तो स्वतः हत्तीवरून निघाला.

बोधिसत्त्व त्याच्याआधी पोहोचले होते. बरोबर एक मातीचे गाडगे, एक परात, एक वाटी आणि तेलाचा लहान बुधला. त्यांनी अमित्तयला विचारले, "आबा, तुमच्या घरी ही वाटी कोण हाताळत असे?"

"बायका. आम्ही नुसतं म्हणायचो, त्या भरायच्या."

"मग बायकांना का नाही विचारलं?"

म्हाताऱ्याने पुन्हा दाढी धरली. बायका मात्र तोंडाला पदर लावून हसू लागल्या. तेवढ्यात ओढ्यापलीकडून यमीमाचा आवाज आला, "माझी आजी सांगायची, लोग म्हणजे सहा अंडी! मोठी नव्हेत, लहान नव्हेत. मधली."

"अगं, हो! माझी आईपण तेच म्हणायची!" दोघीतिघी एकदम ओरडल्या. "सहा अंड्यांएवढं तेल ओतलं की वाटी काठोकाठ!"

"इतके दिवस तोंडात काय धरलं होतं?" अमित्तय चिडला.

"तुम्ही शास्त्र विचारत होतात, आबा. अंडी कुठे विचारलीत?"

आता अंडी हवी होती. राजा येऊन पोहोचला होता; तो म्हणाला, "माझ्या तलावावरच्या राजहंसीची आणा, एकेक नारळाएवढं आहे!" पण आजीचे माप आजीच्या देशातले. त्या देशाची कोंबडी एकच होती, तीच ती शिवराळ. कालच ती नऊ अंड्यांवर बसली होती. मापायला ती फोडली असती, तर वस्तीची पुढची सारी पिले गेली असती. तरी अमित्तय ती घ्यायला उठला.

"नको, आबा," यमीमा पलीकडून म्हणाली. "मी अकरा महिने लेकीला हात लावला नाही. दुसऱ्या आईची अंडी फोडून मला आत यायचं नाही. मी राहीन इथेच."

बोधिसत्त्वांनी ते ऐकले. मग त्यांनी पाणी कोमट केले, गाडगे अगदी काठापर्यंत भरले आणि परातीत ठेवले. कोंबडीच्या चार चोची खाऊन त्यांनी मधली सहा अंडी उसनी घेतली आणि पहिले अंडे पाण्यात सोडू लागले.

"थांब!" अमित्तय ओरडला. "तुझं बोट बुडेल. बोटाचं पाणी आमच्या मापात नको."

बोधिसत्त्वांना फार आनंद झाला. आपल्यासारखाच एक माणूस जगात आहे, हे त्यांना त्या दिवशी कळले. त्यांनी बारीक सुताची जाळी करून सहाही अंडी तिच्यात ठेवली आणि अलगद पाण्यात उतरवली. अंड्यांनी आपल्याएवढे पाणी बाहेर सारले. ते परातीत उतरले, परातीतून वाटीत आले. जिथे पाणी टेकले, तिथे बोधिसत्त्वांनी खिळ्याने रेघ ओढली. मग अंडी पुसली आणि ऊब जायच्या आत कोंबडीखाली सरकवली. तिने सहा वेळा मोजून घेतली, असे म्हणतात.

"हे लोग," वाटी रिकामी करून कोरडी पुसत बोधिसत्त्व म्हणाले.

राजा हत्तीवरून खाली वाकला. "एवढंच? एवढ्यासाठी माझे रांजण परत पाठवले?"

"महाराज, वीस रांजण आले तेव्हा ती बाई ओढ्यापलीकडेच उभी होती. या वाटीने ती घरी येईल. दान आपलंच आहे. आपणच ओता."

राजा खाली उतरला. आयुष्यात त्याने इतके थोडे कधी ओतले नव्हते. त्याने बुधला दोन्ही हातांनी धरला. तेल रेघेपाशी आले, रेघेला टेकले, आणि राजाने हात उचलला. थेंब कमी नाही, थेंब जास्त नाही. अमित्तयने वाटी डोळ्यांसमोर धरली, फिरवून पाहिली आणि दोन वर्षांत पहिल्यांदा हसला.

यमीमा ओढा ओलांडून आली. कानाला, हाताला, पायाला तेल लागले. उरलेले मस्तकावरून ओघळले. तिने हात पसरले. लेकीने आधी तिच्याकडे टक लावून पाहिले, मग तेलकट गळ्याला मिठी मारली.

राजाने पुढे पुष्कळ लढाया जिंकल्या. पण म्हातारपणी पाहुणे आले की तो एकच गोष्ट ताठ मानेने सांगे: "मी एकदा एक लोग तेल बरोबर ओतलं आहे." मंदकाच्या बैलाला सोन्याच्या घंटा मिळाल्या नाहीत. बोधिसत्त्वांनी रेघेच्या त्या वाटीशिवाय काही मागून घेतले नाही. शूर्पारकाचे तेली ती वाटी दुकानात सर्वांत वर ठेवत आणि तिच्याखालून जाताना छाती पुढे काढत.

एवढे आपल्या भिक्षूंना सांगून शास्त्यांनी, म्हणजे त्यांच्या गुरूंनी, त्या जन्माची या जन्माशी गाठ घातली. ते म्हणाले, "तेव्हाचा राजा विपुलसेन म्हणजे आजचा दानशूर सावकार अनाथपिंडक. थेंबाथेंबासाठी भांडणारा अमित्तय म्हणजे महाकाश्यप भिक्षू. ओढ्यापलीकडची यमीमा म्हणजे उत्पलवर्णा भिक्षुणी. आणि तेल्यांचा जेठा मी स्वतः होतो." ती कोंबडी कोण होती, ते शास्त्यांनी सांगितले नाही, आणि संघात एकदोघे उगाच खाली पाहू लागले म्हणून कुणी विचारलेही नाही.

या गुणाला मात्रज्ञता म्हणतात: दुसऱ्याची गरज नेमकी ओळखणे, आणि ती भागवताना कुणाचे घरटे न मोडणे.