गाठींची झोळी

ही गोष्ट नेमकी कधीची, ते मला विचारू नका. खूप खूप पूर्वीची आहे, इतकंच मला ठाऊक. तेव्हा एका डोंगरी राज्यात एक राणी होती आणि तिला गाठीच्या भरतकामाचं भारी वेड होतं.

ज्यांनी कधी सुई हातात धरली नाही, त्यांच्यासाठी आधी ते काम काय असतं ते सांगते. सुई कापडातून वर काढायची, तिच्याभोवती दोऱ्याचे दोन-तीन वेढे द्यायचे आणि सुई अगदी शेजारीच पुन्हा खाली घालायची. वर राहते ती मोहरीएवढी गाठ. अशा गाठी एकमेकींना लागून भरल्या की त्यांची फुलं होतात, मोर होतात, ज्वारीची कणसं होतात. ऐकायला सोपं वाटतं ना? करून बघा. दोरा सैल राहिला तर गाठ लोंबते. फार ओढला तर गाठ कापडातून खाली निसटते आणि निसटताना कापडाचे धागे तोडून जाते. हात निवांत असेल, तरच गाठ नीट बसते.

आणि त्या राजवाड्यात निवांत हात कुणाचाच नव्हता.

राजवाड्याच्या मागच्या अंगाला भरतकाम करणाऱ्या बायकांचं दालन होतं. पूर्वी तिथे दिवसभर गप्पा चालायच्या, सासवांची उणीदुणी निघायची, सुई टोचली तर हसणं व्हायचं. मग एकदा भर दरबारात राणीची बांगडी तिच्याच पदरावरच्या एका सैल गाठीत अडकली. दोरा ओढला गेला, मोराचं अर्धं डोकं उसवलं आणि मागून कुणीतरी फिसकन हसलं. तो मोर जिने भरला होता, तिला राणीने त्याच दिवशी, सूर्य मावळताना, वेशीबाहेर काढलं. वेशीबाहेर जंगल होतं. दुसऱ्या दिवशी लाकूडतोड्यांना तिची एक वहाण सापडली. बाकी काही सापडलं नाही.

राणी दुष्ट होती का? तसं म्हणता येणार नाही. राग उतरला आणि ती ते विसरूनही गेली. दालनातल्या बायका मात्र विसरल्या नाहीत.

राणी अधूनमधून दालनात यायची आणि भरलेल्या गाठींवरून बोटाचं नख फिरवायची. खर्र, खर्र असा आवाज व्हायचा. बायका माना खाली घालून तो आवाज ऐकत बसायच्या. नख आता आपल्याच गाठीत अडकणार, असं प्रत्येकीला वाटायचं. मग राणी गेली की प्रत्येकजणी दोरा आणखी जोरात ओढायची.

राजाराणीने पुष्कळ नवससायास केले आणि राणीला मुलगा झाला. सगळं राज्य आनंदलं. राणीने हुकूम दिला की बारशाला बाळाला निजवायचं ते गाठींनी भरलेल्या झोळीतच. मऊ, पातळ कापडाची झोळी हवी, ती सदरेच्या तुळईला टांगायची आणि तिच्यावर कापडाचा रंगसुद्धा दिसू नये इतकं दाट भरतकाम हवं.

"एकही गाठ हलता कामा नये," राणी म्हणाली. तिने ते हसत म्हटलं होतं. पण ऐकणाऱ्या बायकांपैकी कुणी हसलं नाही.

त्या बायकांत हौसा नावाची एक जणी होती. तिची मुलगी अजून रांगत होती. रोज सकाळी तिला सासूच्या ओटीत घालून हौसा कामाला यायची. झोळीवर जास्वंदीचं फूल भरताना एक दिवस तिच्या सुईखाली बारीकसा आवाज झाला. हौसाने बोटाने गाठी बाजूला सारून पाहिलं. ओढून ओढून गाठ पार गेली होती आणि कापडाला डाळीच्या दाण्याएवढं भोक पडलं होतं.

दालनाची कारभारीण वयस्कर होती. सगळ्या तिला आक्का म्हणायच्या. हौसाने हळूच तिला भोक दाखवलं. आक्काने आधी दाराकडे पाहिलं.

"वरून दिसतंय का?" तिने विचारलं.

"नाही. पण कापड तुटलंय, आक्का."

"मग त्याच्यावर अजून एक गाठ मार. आणि गप बस."

हौसाने गाठ मारली. ती घट्ट बसावी म्हणून तिने दोरा ओढला आणि भोकाशेजारी दुसरं भोक पडलं. त्यावर तिने तिसरी गाठ मारली.

काम संपलं, तेव्हा अस्तर लावण्यासाठी झोळी उलटी केली. कापडाची मागची बाजू तोवर कुणी एकत्र बसून पाहिली नव्हती. आता सगळ्यांनी पाहिली. कापड कुठे उरलंच नव्हतं. जिथे तिथे भोकं होती, चाळणीसारखी, आणि एका भोकाला दुसऱ्याशी नुसते दोरे धरून होते. हौसाला वाटत होतं की चूक आपल्या एकटीची आहे. चूक सगळ्यांचीच होती आणि प्रत्येकीने ती आपापल्या गाठींखाली झाकली होती.

कुणी कुणाच्या तोंडाकडे पाहिलं नाही.

"रेशमी अस्तर आणा," आक्का म्हणाली.

"ते अस्तर तर फुंकरीने हलतंय," हौसा म्हणाली. "आक्का, यात बाळ निजणार आहे."

"मला माहीत नाही होय?" आक्काने पुन्हा दाराकडे पाहिलं. "तू जाऊन सांगतेस राणीसरकारांना? जा, दार उघडंच आहे. जाताना लेकीचं तोंड एकदा बघून जा."

हौसा गेली नाही. आपण असतो तर गेलो असतो, असं मनात म्हणत असाल तर जरा थांबा. ती वहाण तुम्ही पाहिलेली नाही.

राणी झोळी बघायला आली. तिने सगळीकडून नख फिरवलं. एकही गाठ हलली नाही. हलणार कशी, एकेका जागी तीन-तीन गाठी होत्या. राणी इतकी खूश झाली की तिने प्रत्येकीला खण आणि नारळ दिला. बायकांनी ओटी पुढे केली, वाकून नमस्कार केला आणि त्या घरी गेल्या. त्या दिवशी हौसाला जेवण गेलं नाही. मुलीला कुशीत घ्यायचा तिला धीर होईना, म्हणून तिने मुलीला सासूकडेच राहू दिलं.

बारशाचा दिवस उजाडला. सदरेत झोळी टांगली होती. खाली काळ्या दगडाची फरशी होती. त्या राज्यात रीत अशी होती की आधी बाळाला झोळीत ठेवायचं आणि मग टोपडं घातलेला वरवंटा त्याच्या शेजारी ठेवायचा. बाळाचा थोरला भाऊ म्हणून. दगडासारखं दणकट आयुष्य लाभावं, एवढाच त्यामागचा भाव. झोळी भरणाऱ्यांचा मान म्हणून तो वरवंटा हौसाच्या हातात दिला होता.

बायका पाळणा म्हणू लागल्या. सूर कुणाचाच लागेना. राणी बाळाला घेऊन आली. बाळ जागं होतं, स्वतःची मूठ चोखत होतं. राणी झोळीपाशी वाकली.

हौसाने आक्काकडे पाहिलं. आक्काने डोळे मिटून घेतले होते. हौसाने इतर बायकांकडे पाहिलं. त्या सगळ्या फरशीकडे बघत होत्या. तेव्हा हौसाला खरी भीती वाटली. आता होणार ते सगळ्यांना ठाऊक आहे आणि तरी कुणी बोलणार नाही, हे तिला कळलं. तिने तोंड उघडलं. आवाज फुटेना.

मग ती एक पाऊल पुढे झाली आणि राणीच्या हातांखालून तिने वरवंटा रिकाम्या झोळीत ठेवला.

"अगं, बाळाच्या आधी?" कुणीतरी म्हणालं. "अपशकुन करतेस?"

पुढचं बोलणं कुणाला ऐकू आलं नाही. झोळी टरकन फाटली, एका फुलापासून दुसऱ्या फुलापर्यंत, आणि वरवंटा फरशीवर आदळला. फरशीचा टवका उडाला. पाळणा म्हणणारे आवाज बंद झाले. बाळ दचकून रडू लागलं.

राणीने बाळाला छातीशी घट्ट धरलं. तिने त्या टवक्याकडे पाहिलं, मग बायकांकडे.

"तुम्हांला माहीत होतं?" तिने विचारलं.

हौसाला आवाज फुटला. आता लपवायला काही उरलं नव्हतं.

"होतं, सरकार. सगळ्यांना माहीत होतं. मलाही."

"आणि तुम्ही मला माझं बाळ यात ठेवू देणार होतात?"

"हो," हौसा म्हणाली आणि रडू लागली. "आम्हांला तुमची भीती वाटत होती."

राणीच्या कपाळावर आठी पडली. तशी सदरेतली सगळी माणसं एक पाऊल मागे सरली. बायका, पहारेकरी, मुदपाकखान्याचा आचारी, वैद्य, सगळे. राणीने ते पाहिलं. आपल्या भोवतीची ही सगळी माणसं आपलं बाळ पडताना बघत उभी राहिली असती, हे तिला समजलं. आणि त्या दिवशी राणीला पहिल्यांदा भीती वाटली.

तिने आठी पुसली. खाली फरशीवर बसली. बाळाला मांडीवर घेतलं आणि अगदी हळू आवाजात विचारलं, "अजून काय काय झाकलंय?"

मग पहारेकरी पुढे झाला. उत्तरेच्या तटाला कधीची भेग पडली आहे, तो म्हणाला, आम्ही वरून चुना फासतो. आचारी म्हणाला, कोठारातल्या खालच्या पोत्यांना बुरशी लागली आहे, वरची तेवढी चांगली ठेवली आहेत. वैद्य म्हणाला की राजांच्या खोकल्यातून रक्त पडतं. आक्का काही म्हणाली नाही, फक्त अस्तर उसवून फाटकी झोळी तिने राणीच्या पुढ्यात उलटी पसरली.

एकेक जण बोलत होता आणि राणी ऐकत होती. मधेच तिची भुवई हलली की बोलणारा थबकायचा. म्हणून तिने चेहरा हलवायचं सोडलं. दुपार टळली तरी माणसं येतच होती आणि राणी बाळाला मांडीवरून खाली ठेवत नव्हती. राजवाड्यातली कुठली जागा भक्कम आहे, हेच तिला आता ठाऊक नव्हतं.

बोध: जिथे चूक सांगायची भीती वाटते, तिथे चुका कमी होत नाहीत, त्या फक्त झाकल्या जातात; आणि एक दिवस आपलं सगळ्यांत लाडकं माणूस त्यांच्यावरच विसंबतं.