तांबटाचा होकार

एका गावातल्या तांबट आळीत एक तांबट राहत होता. उजाडल्यापासून दिवेलागणीपर्यंत आळीत ठोकेच ठोके. परका माणूस कानांत बोटं घालून पुढे जायचा. आळीतल्या लोकांना मात्र त्याचं काही वाटत नसे.

पण कानाला ते लागतंच. कान काही एका दिवसात जात नाहीत, आधी बारीक आवाज जातात. तांबटाला चिमण्या ऐकू येईनाशा झाल्या, मग बायकोच्या बांगड्या, मग बायका-पोरांचं बोलणं. पुरुषांचा जाड आवाज तेवढा कळायचा. बायको म्हणायची, वैद्याला दाखवा. तो म्हणायचा, तूच पुटपुटतेस.

खरी भीती वेगळीच होती. टिचकी मारली की भांडं कसं वाजतं, यावर तांबट त्याची पारख करतो. बहिऱ्या तांबटाकडे गिऱ्हाईक कशाला येईल? म्हणून तो समोरच्याच्या ओठांकडे बघायचा आणि नाहीच कळलं तर हसून मान डोलवायचा. लोक म्हणायचे, किती गरीब स्वभावाचा माणूस.

त्याच्या मुलीला स्थळ आलं. खातंपितं घर, वजनदार माणसं. मुलगी कामाच्या जागी बापाजवळ येऊन खाली मान घालून बसली.

"बाबा, तिथं मला देऊ नका. त्यांच्या थोरल्या सुनेच्या हातावर चटके बघितलेत मी."

ओठ काही दिसले नाहीत. पोर लाजून लुगडं-बिगडं मागत असेल, असं त्याला वाटलं.

"बरं बाळा," तो म्हणाला, "तुझ्या मनासारखं करू."

मुलगी निर्धास्त झाली. पाहुणे सुपारी फोडायला दारात आले, तेव्हा बापानं स्थळाला होकार कळवल्याचं तिला कळलं. ती बाहेर येईना. शेवटी आईनं हाताला धरून आणलं. तिनं बापाकडे सरळ बघितलं.

"बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात."

एवढं त्याला ओठांवरून कळलं. पण हो कशाला म्हणालो, ते आठवेना. आठवायला ऐकलं कुठे होतं?

तांबटाचा थोरला भाऊ खेकसला, "आटप रे, मुहूर्त टळतोय." सगळी आळी जमली होती, गिऱ्हाइकंसुद्धा. आणखी एकदा मान डोलावली असती तर झाकली मूठ झाकलेलीच राहिली असती.

"मला ऐकू येत नाही, दादा," तांबट म्हणाला. "बरीच वर्षं झाली." मग मुलीला म्हणाला, "माझ्यासमोर बस. तोंड वर कर. पुन्हा सांग."

तिनं सांगितलं. त्यानं शेवटचा शब्द होईपर्यंत तिच्या ओठांवरून नजर काढली नाही. मग तबकातली सुपारी उचलून पाहुण्यांच्या हातात परत दिली.

पाहुणे पाण्याला न शिवता गेले. भाऊ म्हणाला, कानांबरोबर अक्कलही गेली याची. पुष्कळ गिऱ्हाइकं दुसऱ्या दारी वळली, आणि ते वर्ष घराला फार जड गेलं. पण त्या घरची लेक आपल्या धडधाकट हातांनी भाकऱ्या थापत होती, आणि बाप तिच्यासमोर बसून तिचं बोलणं बघत होता.

तात्पर्य: ऐकू आलं नाही तर पुन्हा विचारावं. विचारण्याची लाज आपल्याला घडीभर वाटते. न ऐकता दिलेला होकार दुसऱ्याला जन्मभर भोगावा लागतो.